अस्थि-इंधन
प्रागैतिहासिक चुलीत लाकडाच्या जोडीला जाळलेली जनावरांची हाडे. ताज्या हाडांच्या सच्छिद्र टोकांत चरबी साठलेली असते, तीच खरे सरपण. तिच्यामुळे ज्वाळा बराच वेळ टिकते. मात्र निखारा धरत नाही आणि पेटवायला आधी लाकूड लागते. तरीही झाडे विरळ असलेल्या हिमयुगीन युरोपात हा उपाय विशेष मोलाचा ठरला.

प्रागैतिहासिक चूल भारतातही सापडली आहे. हैदराबादच्या दक्षिणेला कर्नूल परिसरात चुनखडीच्या गुहा आहेत. त्यांपैकी बिल्लासुर्गम येथे रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८८४ मध्ये उत्खनन सुरू केले. मुच्छटला चिंतामणू गवी या गुहेत उत्तर पुराश्मयुगीन चूल आढळली. थर्मोल्युमिनेसन्स पद्धतीने तिचे वय सुमारे १७,००० वर्षे ठरले. एम. एल. के. मूर्ती आणि के. एस. व्ही. नंबी यांचा तिच्यावरील लेख पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या बुलेटिनमध्ये १९८३ साली प्रसिद्ध झाला. भारतीय प्रागितिहासात या चुलीचे स्थान फार मोठे आहे.

मात्र कोणत्याही चुलीत भाजलेले हाड दिसले की ते इंधनच होते, असा निष्कर्ष घाईचा. मांस भाजताना, उष्टी हाडे आगीत टाकल्याने किंवा राखेखाली पुरलेली हाडे तापूनही ती करपतात. मंद आचेत हाड काळे पडते, प्रखर आचेत राखाडी आणि शेवटी पांढरे होते. पण रंगावरून कळते ती आच, हेतू नव्हे. चुलीत चरबीयुक्त सच्छिद्र भागांचेच पांढरे तुकडे मोठ्या प्रमाणात सापडले आणि कोळसा कमी असला, तरच इंधनाचा दावा भक्कम मानावा.