पासवर्ड विसरणाऱ्याचा कसूर किती?

‘पासवर्ड विसरलो’ हे सांगताना माणूस ओशाळतो. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला ई-सेवा केंद्रावर आलेली मुलगी असो, पेन्शनचा कागद काढायला आलेले निवृत्त मास्तर असोत, की बँकेच्या काउंटरवर उभा असलेला दुकानदार. आवाज आपोआप खाली येतो. समोरचा माणूस ‘लिहून ठेवायचा ना’ असे सुनावतो आणि थोड्या वेळाने तोच ‘पासवर्ड कुठे लिहून ठेवायचा नसतो’ असेही बजावतो. दोन्ही उपदेश निमूटपणे ऐकून घेतले जातात, कारण चूक आपलीच, अशी सर्वांची समजूत झालेली आहे.

ही समजूत तपासायची असेल तर पासवर्डचा इतिहास चाळावा लागतो. संगणकाच्या पासवर्डचा इतिहास जेमतेम साठ-पासष्ट वर्षांचा आहे. त्यात विसरणाऱ्या सामान्य माणसापेक्षा यंत्रणा उभारणाऱ्यांच्या आणि नियम करणाऱ्यांच्या चुकाच जास्त ठळक दिसतात.

एक यंत्र, अनेक माणसे

१९६० च्या आसपास संगणक खोलीभर पसरलेला असे आणि एका वेळी एकाच माणसाचे काम करी. बाकीच्यांनी आपापली पंच कार्डे देऊन रांगेत थांबायचे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर तोड काढली. एकाच यंत्राचा वेळ अनेकांत वाटून देणारी ‘सीटीएसएस’ ही व्यवस्था त्यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये चालवून दाखवली. यंत्र सामाईक झाले, पण प्रत्येकाच्या फायली खासगी राहायला हव्या होत्या. म्हणून प्रत्येकाला एक परवलीचा शब्द देण्यात आला. संगणकाच्या पासवर्डची सुरुवात साधारण इथूनच मानली जाते.

कुलूप आले आणि लगेच ते उघडणाराही आला. ॲलन शेर हे तिथलेच संशोधक. त्यांना आठवड्याला यंत्राचे चार तास मिळत आणि ते पुरत नसत. १९६२ मध्ये एका शुक्रवारी रात्री उशिरा त्यांनी एक फाइल छापण्याची विनंती पंच कार्डावर देऊन ठेवली. शनिवारी सकाळी सगळ्यांच्या पासवर्डची यादी कागदावर छापून तयार होती. मग इतरांच्या नावाने लॉगिन करून त्यांनी आपले काम पुढे नेले. याची कबुली त्यांनी दिली ती सुमारे पंचवीस वर्षांनी.

पुढे त्याच व्यवस्थेत आणखी एक गंमत झाली. एक कर्मचारी पासवर्डची फाइल दुरुस्त करत होता आणि दुसरा रोजच्या स्वागताचा संदेश. दोघांच्या तात्पुरत्या फायलींचे नाव एकच निघाले आणि त्यांची अदलाबदल झाली. त्यानंतर जो लॉगिन करेल त्याच्यासमोर स्वागताच्या संदेशाऐवजी सर्वांचे पासवर्ड झळकू लागले. कोर्बातो यांना १९९० चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला, तेव्हाच्या व्याख्यानात त्यांनी स्वतःच हा किस्सा सांगितला.

या दोन्ही घटनांत कुणी पासवर्ड विसरले नव्हते. कुणी तो मित्राला सांगितला नव्हता की चिठ्ठीवर लिहून भिंतीला चिकटवला नव्हता. वापरणाऱ्यांनी आपले काम नीट केले होते. दोष होता तो पासवर्ड जसेच्या तसे एका फायलीत ठेवण्याच्या पद्धतीत.

जुना पासवर्ड कुणीच का सांगू शकत नाही?

यावरचा इलाज इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात निघाला. रॉजर नीडहॅम आणि माइक गाय यांनी १९६० च्या दशकात अशी सोय केली की यंत्राने पासवर्ड जपूनच ठेवायचा नाही. गणिती प्रक्रियेने त्याचा असा काही चुरा करायचा की त्यातून मूळ शब्द परत जुळवता येऊ नये. गव्हापासून पीठ होते, पिठापासून गहू होत नाही, तसे. लॉगिनच्या वेळी आपण दिलेल्या शब्दाचे पुन्हा पीठ केले जाते आणि ते जुन्या पिठाशी ताडून पाहिले जाते.

आजच्या एका नेहमीच्या तक्रारीचे उत्तर इथे आहे. ‘माझा जुना पासवर्ड फक्त सांगा, नवा कशाला?’ असे लोक विचारतात. पण नीट बांधलेल्या व्यवस्थेत तो कुणालाच ठाऊक नसतो, म्हणून फक्त नवा देता येतो. उलट एखादी वेबसाइट आपला जुना पासवर्ड जसाच्या तसा ईमेलवर पाठवत असेल, तर तिने तो उघडा ठेवला आहे असे समजावे. तो पासवर्ड इतर कुठेही वापरला असेल तर तिथे लगेच बदलावा.

बाप-लेकाची कहाणी

१९७९ मध्ये बेल लॅब्जच्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी पासवर्डवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी लोकांचे ३,२८९ पासवर्ड तपासले. १५ जणांचा पासवर्ड म्हणजे एकच अक्षर होते, ७२ जणांचा दोन अक्षरांचा, तर ४६४ जणांचा तीन अक्षरांचा होता. बाकीच्यांतही छोटे शब्द, माणसांची नावे आणि शब्दकोशातले शब्द यांचाच भरणा होता. एकूण ८६ टक्के पासवर्ड असे सहज अंदाज बांधता येण्याजोगे निघाले.

त्यांनी सुचवलेले मुख्य उपाय मात्र यंत्राच्या बाजूचे होते. प्रत्येक पासवर्डमध्ये यंत्राने स्वतःहून थोडे वेगळे ‘मीठ’ मिसळावे, म्हणजे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी साठवलेले रूप वेगळे दिसेल. शिवाय ताडून पाहण्याची क्रिया मुद्दाम संथ ठेवावी, म्हणजे लाखो शब्द लावून पाहणाऱ्याची दमछाक होईल. पासवर्डमध्ये मीठ टाकण्याची ही पद्धत आजही चालू आहे.

२ नोव्हेंबर १९८८ ला मॉरिस यांच्याच मुलाने, रॉबर्ट टॅपन मॉरिस या विद्यार्थ्याने, इंटरनेटवर एक ‘वर्म’ सोडला. यंत्रांत शिरण्याच्या त्याच्या अनेक वाटांपैकी एक होती पासवर्डचा अंदाज बांधण्याची. वापरणाऱ्याचे नाव, तेच उलटे, आणि सोबत ४३२ शब्दांची यादी. बापाने नऊ वर्षांपूर्वी दाखवलेली फट लेकाने वापरली. १९९० मध्ये तो दोषी ठरला.

नियमांचा जाच

याचा धडा संस्थांनी उलटा घेतला. यंत्रणा सुधारण्यापेक्षा माणसाला दटावणे स्वस्त होते. एक मोठे अक्षर हवे, एक आकडा हवा, एक चिन्ह हवे, आणि दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायला हवा! जगभर पसरलेल्या या नियमांना मोठा आधार मिळाला तो अमेरिकेच्या ‘निस्ट’ या सरकारी मानक संस्थेच्या एका दस्तऐवजाचा. बिल बर यांनी २००३ मध्ये तो लिहिला. अभ्यासासाठी त्यांना लोकांचे खरे पासवर्ड हवे होते, पण गोपनीयतेमुळे ते मिळाले नाहीत. मग १९८० च्या दशकातील एका जुन्या लेखनावर त्यांना बरीच भिस्त ठेवावी लागली.

लंडनमधील ॲन ॲडम्स आणि अँजेला सासे या संशोधक स्त्रियांनी त्याआधीच, १९९९ मध्ये, धोक्याची सूचना दिली होती. वापरणारा हा शत्रू नाही, असे त्यांच्या निबंधाचे शीर्षकच सांगत होते. डझनभर पासवर्ड लक्षात ठेवायला लावले आणि कारण समजावून सांगितले नाही, तर माणूस पळवाट काढणारच, असे त्यांनी दाखवून दिले.

पळवाट कशी असते हे २०१० मध्ये नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातील अभ्यासाने उघड केले. सक्तीने बदललेला पासवर्ड जुन्याचाच भाऊ असतो. शेवटच्या १ चा २ होतो, एस च्या जागी डॉलरचे चिन्ह येते. जुना पासवर्ड हाती असेल तर १७ टक्के खात्यांचा नवा पासवर्ड पाच प्रयत्नांच्या आत ओळखता येत होता.

अखेर जून २०१७ मध्ये निस्टने आपला सल्ला फिरवला. ठरावीक मुदतीने बदलण्याची सक्ती नको, चिन्हांचा हट्ट नको. लांबी महत्त्वाची माना, आणि फुटलेल्या पासवर्डच्या याद्यांत असलेला शब्द नाकारा. त्याच वर्षी बर यांनी आपल्या जुन्या नियमांबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. आपल्याकडच्या कितीतरी पोर्टलवर तेच जुने नियम अजूनही चालू आहेत.

मागचे दार

पासवर्ड विसरल्यावर आत येण्यासाठी ठेवलेली वाट म्हणजे घराचे मागचे दार. २००८ मध्ये अमेरिकेतील उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांचे ईमेल खाते एका विद्यार्थ्याने याच दाराने उघडले. जन्मतारीख, पिन कोड आणि पतीची भेट कुठे झाली, एवढेच प्रश्न होते. उत्तरे सगळ्यांसाठी खुली होती.

भारतात हे मागचे दार म्हणजे मोबाइल नंबर. ऑनलाइन कार्ड व्यवहारांसाठी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून पडताळणीचा आणखी एक टप्पा सक्तीचा केला. पुढे ओटीपी घराघरांत पोहोचला. फायदा मोठा झाला, फसवणुकीला आळा बसला. पण आपल्या घरांचे वास्तव वेगळे आहे. अनेक कुटुंबांत आईच्या, सुनेच्या, मुलीच्या खात्याला नंबर असतो तो घरातल्या पुरुषाचा. तो परगावी कामाला गेला की त्यांची खातीही त्याच्याबरोबर परगावी जातात. रिचार्जअभावी बंद पडलेला नंबर काही काळाने दुसऱ्याच कुणाला मिळतो.

नंबर गेला की कागदपत्रांनी ओळख पटवायची. तिथे नावाचे स्पेलिंग आडवे येते. मोहम्मद, मुहम्मद आणि नुसते ‘एमडी’. शेख आणि शैख. सय्यद आणि सैयद. दाखल्यावर एक, आधारवर दुसरे, गुणपत्रिकेवर तिसरे. माणूस तोच असतो, पण यंत्राला तीन माणसे दिसतात. ही अडचण एकट्या मुसलमानांची नाही. आडनाव आधी की नंतर, वडिलांचे नाव मधे की नाही, यात सगळेच मराठी लोक अडकतात. अर्जाची मुदत संपते आणि एका विद्यार्थ्याचे वर्षभराचे पैसे बुडतात. पासवर्ड विसरल्याची ही शिक्षा कोणत्याही हिशेबाने जास्त आहे.

आपल्या हातात काय?

लॉगिन होत नसेल तर पहिल्यांदा कळफलक तपासावा. मराठी टंकलेखन करणाऱ्यांचा कळफलक अनेकदा देवनागरीवर राहिलेला असतो आणि पडद्यावर नुसते ठिपके दिसत असल्याने ते कळत नाही. कॅप्स लॉक पाहावा. ॲपमधून येणारा सहा आकडी कोड चालत नसेल तर मोबाइलची वेळ बरोबर आहे का ते पाहावे, कारण तो कोड घड्याळावरूनच तयार होतो. अंदाजाने वारंवार प्रयत्न करून खाते बंद पाडून घेण्यापेक्षा दोन प्रयत्नांनंतर सरळ नवा पासवर्ड घ्यावा.

ईमेलचा पासवर्ड सर्वांत वेगळा आणि लांब असावा, कारण बाकीच्या खात्यांच्या किल्ल्या तिथेच येतात. चार-पाच असंबद्ध शब्दांची माळ एका चिन्हांकित शब्दापेक्षा लक्षात राहते आणि मजबूतही असते. वहीत लिहून घरात कुलपात ठेवणे हा गुन्हा नाही. दहा ठिकाणी एकच पासवर्ड ठेवणे त्याहून धोक्याचे आहे. ओटीपी मात्र कुणालाही सांगू नये. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी नुसार तीन वर्षांपर्यंत कैदेस पात्र असा गुन्हा आहे.

एवढी काळजी आपण घेऊ. पण जिथे सरकारी योजना, शिक्षण आणि रेशन लॉगिनच्या पलीकडे ठेवले गेले आहे, तिथे विसरलेल्या माणसाला परत आत घेण्याची सोपी, मराठीत समजावणारी आणि मुदत न बुडवणारी व्यवस्था मागणे हा आपला हक्क आहे. ज्यांनी पासवर्ड जन्माला घातला त्या कोर्बातो यांनीही उतारवयात वेबवरच्या पासवर्डचा पसारा म्हणजे एक दुःस्वप्न झाल्याचे म्हटले होते. तेव्हा काउंटरवर उभ्या असलेल्या त्या मुलीने आवाज खाली आणायचे कारण नाही.