केंब्रिजचा विद्यार्थी, चित्रांचा व्यापारी



मुलगा चित्रकलेत रमला की घरात प्रश्न उठतो, "यावर पोट कसे भरणार?" प्रश्न रास्त आहे. सावंगी (मेघे) येथे वैद्यकीय महाविद्यालय डोळ्यांसमोर असल्याने डॉक्टर होण्याची वाट आपणां सर्वांस ठाऊक आहे. चित्रे विकली कशी जातात, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. म्हणून श्री. केकू गांधी यांचे स्मरण करू या.

त्यांचा जन्म १९२० साली मुंबईतील पारशी कुटुंबात झाला. केंब्रिजला शिकत असता १९३९ मध्ये ते सुटीवर घरी आले. तोच दुसरे महायुद्ध पेटले आणि परत जाणे अशक्य झाले. पण ते हात बांधून बसले नाहीत. रॉजर व्हॅन डॅम या बेल्जियन गृहस्थांच्या साहाय्याने त्यांनी चित्रांच्या चौकटी बनविण्याचा धंदा काढला. तोच 'केमोल्ड'.

त्या काळी नव्या चित्रकारांना प्रदर्शनास जागा मिळणे कठीण होते. गांधींनी आपल्या फ्रेमच्या दुकानात आरा, हुसेन, रझा, हेब्बर यांची चित्रे मांडली. चौकटीसाठी आलेले गिऱ्हाईक चित्रही पाहू लागले. यांपैकी आरा एके काळी घरगडी होते, हुसेन सिनेमाचे फलक रंगवीत, तर रझांनी आपल्या नागपूरच्या कलाशाळेत धडे गिरविले होते.

पुढे १९६३ साली जहांगीर कलादालनाच्या पहिल्या मजल्यावर 'गॅलरी केमोल्ड' सुरू झाली. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांचे प्रदर्शन १९७५ मध्ये तेथेच भरले आणि पाड्यावरची भित्तिकला महानगराने पाहिली.

हा व्यापारी केवळ गल्ल्यापाशी बसला नाही. १९९२-९३ च्या दंगलींनंतर, सत्तरी ओलांडली असताना, वांद्र्याच्या वस्त्यांत सलोखा राहावा म्हणून मोहल्ला समितीच्या कामात ते उतरले. २००९ मध्ये त्यांना 'पद्मश्री' मिळाली. २०१२ साली त्यांचे निधन झाले.

पालकहो, एका चित्रामागे चौकट करणारा, प्रदर्शन मांडणारा, गिऱ्हाईक जोडणारा आणि हिशेब ठेवणारा अशा अनेकांचा रोजगार उभा असतो. मुलाच्या हातातील कुंचला काढून घेण्यापूर्वी एवढे अवश्य ध्यानात घ्या. आणि विद्यार्थी मित्रांनो, शिक्षणात खंड पडला तर खचू नका. समोर येईल ते प्रामाणिक काम हाती घ्या. चौकटीच्या दुकानातूनही मोठे कार्य उभे राहते.