फौजेतला कंपाउंडर गावी परतला, पुढे काय?

आपल्याकडे 'पीए' म्हटलं की आमदारसाहेबांचा फोन उचलणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेतल्या दवाखान्यात मात्र पीए म्हणजे फिजिशियन असिस्टंट. तो डॉक्टर नसतो. तरी तो रुग्ण तपासतो, रिपोर्ट वाचतो, टाके घालतो, औषध लिहून देतो. हे सगळं डॉक्टरशी बांधलेलं आणि कायद्याने ठरवून दिलेल्या मर्यादेत. आज तिथे असे दीड लाखाहून जास्त पीए काम करतात, आणि या पेशाची पहिली तुकडी घडली ती नौदलातून परतलेल्या माणसांतून.

मी यवतमाळ जिल्ह्यातला. आमच्याकडे सैन्यातून परतणारे आहेत आणि डॉक्टरची वाट पाहणारी गावंही आहेत. मग या दोघांची गाठ आपल्याकडे का पडली नाही, या प्रश्नामागे मी लागलो. वाचता वाचता कळलं की गोष्ट मी समजत होतो त्याच्या उलटी आहे. फौज आणि दवाखाना यांना जोडणारी शिडी आपल्याकडे अमेरिकेच्या कितीतरी आधी होती. आपण ती काढून घेतली. आणि ज्या समितीने ती काढायला सांगितली, तिचे अध्यक्ष नाशिकला जन्मलेले होते.

डरहॅमचे चार जण

आधी अमेरिकेची गोष्ट. १९६० च्या आसपास तिथल्या लहान गावांत डॉक्टर मिळेनासे झाले होते. नॉर्थ कॅरोलिना राज्यात डरहॅम शहरातल्या ड्यूक विद्यापीठात डॉ. युजीन स्टेड हे वैद्यकशास्त्राचे विभागप्रमुख होते. दुसऱ्या महायुद्धात डॉक्टर आघाडीवर गेल्यावर कमी शिकलेल्या हातांकडून वॉर्ड कसे चालवून घ्यावे लागतात, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. त्याच राज्यातल्या गारलंड नावाच्या छोट्या गावातलं एक उदाहरणही त्यांच्यासमोर होतं. तिथले डॉ. एमॉस जॉन्सन बाहेरगावी गेले तरी दवाखाना थांबत नसे, कारण त्यांनी स्वतः तयार केलेला सहायक, हेन्री ट्रेडवेल, रुग्ण सांभाळून घेई.

स्टेड यांनी आधी नर्सेसना जास्तीचं प्रशिक्षण देऊन पाहिलं. पण नर्सिंगच्या मान्यता देणाऱ्या संस्थेनेच त्या अभ्यासक्रमाला मान्यता नाकारली. मग त्यांची नजर नौदलातून सुटलेल्या 'कोअरमन'वर गेली. हे लोक जहाजावर, कधी डॉक्टरशिवायही, जखमा बांधत, ताप पाहत, औषधं देत. बाहेर आल्यावर मात्र त्यांच्या हातातल्या कसबाला मिळेल असं काम नव्हतं.

१९६५ मध्ये असे चार जण ड्यूकमध्ये दाखल झाले. अभ्यासक्रम दोन वर्षांचा होता. १९६७ मध्ये तिघे उत्तीर्ण झाले.

१९६९ मध्ये सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात डॉ. रिचर्ड स्मिथ यांनी 'मेडेक्स' सुरू केलं. तेही सैन्यातल्या मेडिकांसाठीच. फरक क्रमाचा होता. स्मिथ यांनी आधी खेड्यांतले डॉक्टर गाठले. 'असा माणूस तुम्ही हाताखाली घ्याल का, शिकवाल का?' असं विचारलं. हो म्हणणारे मिळाल्यावर प्रशिक्षण दिलं: तीन महिने विद्यापीठात आणि पुढचं वर्षभर त्या डॉक्टरच्या दवाखान्यात. शिकून बाहेर पडणाऱ्याची जागा आधीच ठरलेली असे. व्हिएतनाममधून तेव्हा हजारो मेडिक परतत होते, त्यामुळे माणसांची वाण नव्हती. कायदे मात्र एकेका राज्यात बदलून घ्यावे लागले.

आपली शिडी

आता मुंबईत येऊ. १८२६ मध्ये तिथे एक वैद्यकीय शाळा निघाली. कंपनी सरकारला फौजेच्या आणि मुलकी दवाखान्यांसाठी 'नेटिव्ह डॉक्टर' हवे होते. डॉ. जॉन मॅक्लेनन तिचे प्रमुख होते आणि शिकवणं देशी भाषांत होतं. म्हणजे शरीरशास्त्र मराठीतून शिकवायचा प्रयत्न दोनशे वर्षांपूर्वी झाला होता, आणि त्यामागची एक मोठी गरज होती पलटणीची. सहा वर्षांत, १८३२ मध्ये, ती शाळा बंद पडली. पण गरज तशीच राहिली. पुढे ठिकठिकाणी वैद्यकीय शाळा निघाल्या. त्यांतून 'हॉस्पिटल असिस्टंट' तयार होत. नंतर त्यांनाच 'सब-असिस्टंट सर्जन' म्हणू लागले. लष्करात ते जमादार, सुभेदार अशा हुद्द्यांवर असत.

आमच्या भागासाठी अशी शाळा होती नागपूरची रॉबर्टसन मेडिकल स्कूल. १९१४ साली ती सुरू झाली. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताशी जोडलेलं होतं. वैद्यकीय शाळांतून निघणाऱ्यांना पदवी नसे, परवाना असे. म्हणून ते 'लायसेन्शिएट', आणि लोकांच्या तोंडी 'एल. एम. पी. डॉक्टर'. जुन्या मराठी कादंबऱ्यांत भेटणारा तालुक्याचा डॉक्टर बहुधा हाच.

इथे एक फरक स्पष्ट ठेवायला हवा. एल. एम. पी. हा पीए नव्हता. तो कुणाच्या हाताखाली नव्हे, स्वतंत्रपणे डॉक्टरकी करत असे. पण पदवीधर डॉक्टर आणि कंपाउंडर यांच्या मधली जागा त्याने भरली होती. कमी वर्षांत, कमी खर्चात शिकलेला आणि लहान गावात राहायला तयार असलेला माणूस म्हणजे एल. एम. पी.

१९४६

१९४३ मध्ये, युद्ध चालू असतानाच, दोन गोष्टी घडल्या. एप्रिलमध्ये लष्करातले डॉक्टर, सब-असिस्टंट सर्जन आणि इस्पितळातले शिपाई यांची वेगवेगळी खाती एकत्र करून इंडियन आर्मी मेडिकल कोअर उभी राहिली. आणि ऑक्टोबरमध्ये सरकारने देशाच्या आरोग्याचा आराखडा करायला एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते सर जोसेफ भोर. जन्म नाशिकचा, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात, नंतर आयसीएस.

भोर समितीचा अहवाल १९४६ मध्ये आला. पैसे नाहीत म्हणून कुणी उपचाराविना राहू नये, हे तत्त्व त्यात ठामपणे मांडलं आहे. आपली प्राथमिक आरोग्य केंद्रं त्याच विचारातून आली. त्याच अहवालाने असंही म्हटलं, की देशात यापुढे एकाच प्रकारचा डॉक्टर असावा, विद्यापीठाची पदवी घेतलेला. एल. एम. पी. चं प्रशिक्षण थांबवावं.

तेव्हा देशात नोंदणी झालेले डॉक्टर होते सुमारे ४७ हजार. त्यातले जवळजवळ ३० हजार लायसेन्शिएट होते. म्हणजे ज्या दारातून दर पाचातले तीन डॉक्टर येत होते, ते दारच बंद करायचं होतं. समितीतल्या काही सदस्यांना हे पटलं नाही आणि त्यांनी आपलं वेगळं मत अहवालात नोंदवलं. पण निर्णय ठरला. १९४६ मध्ये पुण्याच्या बी. जे. मेडिकल स्कूलचं कॉलेज झालं. १९४७ मध्ये नागपूरला मेडिकल कॉलेज आलं.

भोर यांना यात खलनायक ठरवणं सोपं आहे, पण ते खरं नाही. दोन प्रकारचे डॉक्टर म्हणजे शहराला एक आणि खेड्याला दुसरा, असा भेद कायम होण्याची भीती होती, आणि ती रास्त होती. खुद्द एल. एम. पी. डॉक्टरांनाही कमी पगार आणि अडलेली बढती जाचत होती. त्यांच्यासाठी पुढे एमबीबीएस होण्याचे छोटे अभ्यासक्रम निघाले.

मला खटकते ती वेळ. युद्ध संपलं तेव्हा भारतीय सैन्यात सुमारे २५ लाख माणसं होती आणि ती घरी परतू लागली होती. त्यांत ब्रह्मदेशापासून इटलीपर्यंतच्या आघाड्यांवर जखमा बांधलेले, इस्पितळं चालवलेले लोकही होते. नेमक्या त्याच सुमारास देशाने ठरवलं, की पदवीखालची पायरी नको. २० वर्षांनी स्टेड यांना जी माणसं शोधून काढावी लागली, ती १९४६ मध्ये आपल्या स्टेशनांवर गाडीतून उतरत होती.

कागद

त्या निर्णयाची सावली मी माझ्या गावात पाहिली आहे. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात एक फौजीकाका होते. लष्कराच्या मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट म्हणून नोकरी केलेले, लखनऊला प्रशिक्षण झालेले. पेन्शनवर आले तेव्हा चाळिशीही उलटली नव्हती. बायका पोराला घेऊन दारात येत, "काका, पाहून द्या ना जी, पोराले लय लागलं." काका जखम धुऊन पट्टी बांधून देत. इंजेक्शनचं नाव काढलं की हात जोडत, "माह्याजवळ कागद नाही बाप्पा. दवाखान्यात न्या."

त्याच गावात आणखी एक गृहस्थ प्रत्येक तापाला सलाईन लावत. त्यांच्याकडेही कागद नव्हता, पण त्यांना त्याची फिकीर नव्हती. नियम पाळणारा फौजी यवतमाळात एका इमारतीच्या गेटवर सिक्युरिटी गार्ड म्हणून उभा राहिला.

कायद्याने काकांचं बरोबर होतं. सैन्यातलं प्रशिक्षण नागरी भागात रुग्ण तपासून औषध लिहिण्याचा अधिकार देत नाही. तो अधिकार नोंदणीकृत डॉक्टरचा.

२०१७ च्या पावसाळ्यानंतर आमचा जिल्हा देशभर बातम्यांत आला. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. अशा विषबाधेत पहिला तास मोलाचा असतो. भिजलेले कपडे काढायचे, अंग साबणाने धुवायचं, श्वासाची वाट मोकळी ठेवायची, विष कोणतं ते ओळखून वेळेत पुढे पाठवायचं. झरी जामणी किंवा उमरखेडच्या टोकाच्या गावातून यवतमाळच्या मेडिकल कॉलेजपर्यंतचा रस्ता लांब आहे. फौजीकाका असते तर जीव वाचले असते, असा दावा मी करणार नाही. पण त्या पहिल्या तासात गावात कोण होतं, हा प्रश्न विचारावाच लागतो.

पुन्हा पुन्हा तीच पायरी

काढलेली पायरी आपण नंतर वेगवेगळ्या नावांनी बसवायला पाहिली. छत्तीसगडने २००१ मध्ये तीन वर्षांचा अभ्यासक्रम काढला. काही वर्षांत तो बंद पडला, पण त्यातून निघालेले 'रुरल मेडिकल असिस्टंट' आरोग्य केंद्रांत लागले. नेहमीच्या आजारांत त्यांचं काम एमबीबीएस डॉक्टरांच्या तोडीचं असल्याचं तिथल्या अभ्यासात दिसलं. आसामने असाच कायदा केला. तो कोर्टात टिकला नाही, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो अवैध ठरवला. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा बदलून होमिओपॅथी डॉक्टरांना एक वर्षाच्या अभ्यासक्रमानंतर ॲलोपॅथीची औषधं लिहिण्याची वाट काढली. त्यावरचा वाद अजून धुमसतोय. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात 'कम्युनिटी हेल्थ प्रोव्हायडर'ला मर्यादित परवान्याची तरतूद आली, तेव्हा देशभरचे डॉक्टर रस्त्यावर उतरले. आज उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी दिसतात. ते मुख्यतः नर्सिंग किंवा आयुर्वेद शिकलेले.

पीए हा शब्दही आपल्याकडे नवा नाही. १९९२ मध्ये चेन्नईत मद्रास मेडिकल मिशनला डॉ. के. एम. चेरियन यांनी हृदयशस्त्रक्रियेसाठी पीए घडवायला सुरुवात केली. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने या पेशाला नाव आणि चौकट दिली. पण हे पीए बहुतेक मोठ्या शहरांतल्या मोठ्या हॉस्पिटलांत दिसतात. जिथून ही कल्पना निघाली, त्या गावापर्यंत ती पोचली नाही, आणि ज्याच्यासाठी निघाली त्या फौजीपर्यंतही.

डॉक्टरांचा आक्षेप मला हलका वाटत नाही. सैन्यातला मेडिक तरण्या, धडधाकट पुरुषांवर उपचार करत घडतो. गोळी, मोडलेलं हाड, उष्माघात त्याला कळतो. पण विदर्भातल्या गावात त्याच्यासमोर सिकलसेलचं कोलाम पोर येईल, बाळंतपणानंतर रक्त कमी झालेली बाई येईल, शुगर-बीपीची आजी येईल. ते त्याला फौजेने शिकवलेलं नाही. म्हणून तर ड्यूकमध्ये अनुभवी कोअरमनलाही दोन वर्षं पुन्हा बाकावर बसावं लागलं, आणि चारातले तिघेच पार झाले. 'देशाची सेवा केली, द्या परवाना' असं तिथे कुणी म्हटलं नाही. आपल्याकडेही म्हणू नये.

पण शिकायची वाटच नसणं ही वेगळी गोष्ट आहे. त्यासाठी मेडेक्सचा क्रम मला आमच्या जिल्ह्यासाठी शहाणपणाचा वाटतो. आधी १६ तालुक्यांत शिकवायला तयार असलेले डॉक्टर शोधायचे. मग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या नोंदींतून मेडिकल कोअरमधून आलेले लोक. मग ठरलेली वर्षं, ठरलेली परीक्षा, ठरलेली औषधं, आणि वर जबाबदार डॉक्टरचं नाव.

भोर यांनी सांगितलेलं तत्त्व, की कुणी उपचाराविना राहू नये, आजही तितकंच खरं आहे. त्यासाठी त्यांनी निवडलेला एकच प्रकारचा डॉक्टर मात्र ८० वर्षांत सगळ्या गावांत पोचलेला नाही. तुमच्या घरात, गल्लीत कुणी मेडिकल कोअरमधून परतलेले काका असतील तर त्यांना एकदा विचारा, तिथे काय काय करत होता? उत्तर ऐकून झालं, की आता काय करता तेही विचारा. या दोन उत्तरांमधलं अंतर १९४६ पासूनचं आहे.