लाळेतला बिऱ्हाडकरू

गरोदरपणातल्या ‘टॉर्च’ तपासणीचा रिपोर्ट हातात आला की पुष्कळ घरांत एका ओळीवर बोट अडतं : ‘सीएमव्ही आयजीजी पॉझिटिव्ह’. घरात कुजबुज, मोबाइलवर शोधाशोध. डॉक्टर मात्र बहुधा शांत असतात. आयजीजी ही जुन्या संसर्गाची खूण आणि भारतात दहातल्या नऊ प्रौढांच्या रक्तात ती सापडते. सीएमव्ही म्हणजे सायटोमेगॅलोव्हायरस हा विषाणू एवढ्या घरी बिऱ्हाड करून आहे, हे कळायला पाऊण शतक लागलं.

१८८१ मध्ये जर्मनीत ह्यूगो रिबर्ट यांना मृत जन्मलेल्या एका बाळाच्या मूत्रपिंडात भलत्याच फुगलेल्या पेशी दिसल्या. मध्ये गडद गोळा, भोवती फिकट कडं. घुबडाचा डोळाच जणू. अर्थ लागेना, म्हणून नोंद तशीच पडून राहिली. १९०४ मध्ये जेसिओनेक आणि कियोलेमेनोग्लू यांनी तशाच पेशी पाहून त्या एकपेशीय परजीवी ठरवल्या, तेव्हा कुठे रिबर्टनी आपली जुनी नोंद छापली. १९१० मध्ये या ‘परजीवी’चं अमीबाच्या कुळात बारसंही झालं. १९२१ मध्ये गुडपाश्चर आणि टॅलबट यांनी सांगितलं, की हा कुणी परका जीव नाही, शरीराच्याच पेशी सुजल्या आहेत.

दरम्यान मोजणी सुरू झाली होती. १९०७ मध्ये लोवेनस्टाइन यांनी ३० बालकांच्या कानाजवळच्या लाळग्रंथी तपासल्या. चौघांत त्या पेशी निघाल्या. १९३२ मध्ये फार्बर आणि वोलबाक यांना १८३ पैकी २२ बालकांच्या जबड्याखालच्या ग्रंथीत त्या सापडल्या. म्हणजे प्रकार दुर्मीळ नव्हता. पण मोजता येत होती ती मेलेलीच मुलं.

१९५६-५७ च्या सुमारास मार्गारेट स्मिथ, वॉलेस रो आणि थॉमस वेलर या तिघांनी आपापल्या प्रयोगशाळेत त्या पेशी फुगवणारा विषाणू वाढवला. १९६० मध्ये वेलरनी त्याला आजचं नाव सुचवलं. विषाणू हाती आल्यावर रक्तातली प्रतिपिंडं तपासता येऊ लागली. विषाणू पूर्वीएवढाच होता. मोजणारे शवागारातून बाहेर पडले होते. अमेरिकेच्या १९८८-९४ च्या राष्ट्रीय पाहणीत सहा वर्षांवरच्या ५९ टक्के लोकांत संसर्गाची खूण मिळाली : ६ ते ११ वयात ३६ टक्के, ऐंशीपुढे ९१ टक्के. २०१९ मध्ये जगभरच्या अभ्यासांचा मेळ घातला, तेव्हा अंदाज निघाला ८३ टक्के.

आपल्याकडे हा आकडा लहानपणीच चढतो. अंगावरचं दूध, लेकराचा मुका, त्याच्या ताटातला उष्टा घास, दाटीवाटीची घरं. वाट मायेचीच आहे. निरोगी माणसाला बहुधा काही होतही नाही. विषाणू शरीरात जन्मभर झोपून राहतो आणि प्रतिकारशक्ती खचली, की जागा होतो.

मग आई आधीच पॉझिटिव्ह असेल तर बाळ सुरक्षित? पूर्णपणे नाही. झोपलेला विषाणू जागा होऊ शकतो, नव्या वाणाची लागणही होऊ शकते. म्हणूनच जिथे जवळजवळ सगळ्याच आया पॉझिटिव्ह, तिथे संसर्ग घेऊन जन्मणारी बाळंही श्रीमंत देशांपेक्षा जास्त. त्यातल्या बहुतेकांना त्रास होत नाही, काहींचा कान मात्र जातो.

आईच्या रिपोर्टवरून यातलं काही कळत नाही. बाळाला जन्मतःच संसर्ग होता का, हे पाहायचं तर पहिल्या तीन आठवड्यांत त्याची लघवी किंवा लाळ तपासावी लागते. मेलेल्या मुलांच्या लाळग्रंथीत सुरू झालेली मोजणी आता जिवंत बाळाच्या गालाआड फिरवलेल्या कापसाच्या बोळ्यावर येऊन पोचली आहे.