घरपट्टीच्या पावतीवर नसलेला तलाव

मंडळी, घरपट्टीची पावती कधी नीट वाचली आहे का? आपण आकडा बघतो, ऑनलाइन भरतो, पीडीएफ कुठल्यातरी फोल्डरमध्ये टाकतो आणि विसरतो. पण तुमच्या घरासाठी कोण काय करतं (निदान कागदावर तरी), ते त्या चार-पाच ओळींत लिहिलेलं असतं. काय राहून गेलंय, तेही तिथेच दिसतं.

उदाहरण म्हणून नागरा घेऊ. गोंदिया शहराला जवळजवळ चिकटलेलं गाव, पुरातन शिवमंदिरासाठी प्रसिद्ध. कारभार ग्रामपंचायतीचा. म्हणजे कर आकारणी होते १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याखाली. घराची नोंद नमुना ८ मध्ये, मागणी नमुना ९ मध्ये. घरपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर, सामान्य पाणीपट्टी आणि घरात नळ असेल तर खास पाणीपट्टी. पूर्वी घराच्या क्षेत्रफळावर आकारणी व्हायची, ते कोर्टात टिकलं नाही आणि २०१५ च्या शेवटी भांडवली मूल्याची पद्धत आली. असो.

यात एक गोष्ट कुठेच नाही, ती म्हणजे तलाव.

आता म्हणाल, घराचा आणि तलावाचा काय संबंध? पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो. भंडारा-गोंदिया हा तलावांचा मुलूख. पूर्व विदर्भातल्या जिल्ह्यांत मिळून जुने मालगुजारी तलाव साडेसहा हजारांहून जास्त आहेत. शिवाय शेतकऱ्यांच्या बोड्या वेगळ्या. वर्षाला १३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही जवळपास सगळा चार महिन्यांत, आणि पीक धानाचं. म्हणजे पाणी अडवलं नाही तर आधी पूर आणि मग दुष्काळ, एकाच वर्षात! गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी हे तलाव बांधले. जंगल तोडून तलाव बांधणाऱ्याला त्याखालची जमीन मिळायची, असं सांगतात. उताराचा अंदाज घेऊन मातीची पाळ, पाणी सोडायला तुडुम, आणि जास्तीचं पाणी सांडव्यावरून खालच्या तलावात. तिथून आणखी खालच्या. कोणी ड्रॉइंग काढलं असेल असं वाटत नाही, पण सिस्टीम डिझाइन म्हणून बघितलं तर अफलातून प्रकार आहे. शेतीला पाणी देणारी ही साखळी पुराचं पाणीही टप्प्याटप्प्याने अडवायची.

आणि मेंटेनन्स? इंग्रजांनी १८६० च्या दशकात मध्य प्रांतात मालगुजारांना गावाची मालकी दिली. मालगुजार गावाचा सारा गोळा करायचा, ठरलेला वाटा सरकारला द्यायचा, उरलेला ठेवायचा. तलाव त्याचाच. पाळ फुटली तर पहिलं नुकसान त्याच्याच धानाचं, त्यामुळे दुरुस्ती वेळेवर व्हायची. गावकऱ्यांचे पाण्याचे, मासळीचे, गुरं पाजायचे हक्क ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाच्या गावदस्तात लिहिलेले असायचे. यालाच निस्तार हक्क म्हणतात. हे सगळं रामराज्य होतं असं अजिबात नाही. वेठबिगार होती आणि मालगुजाराच्या शब्दापुढे कुळाचं काही चालत नसे. ते गेलं ते बरंच झालं. पण तलावाची जबाबदारी कोणाची, हे मात्र गावातल्या लहान पोरालाही माहीत होतं.

मग मध्य प्रदेश सरकारने (तेव्हा आपण त्याच राज्यात होतो) १९५० चा मालकी हक्क निर्मूलन कायदा केला. ३१ मार्च १९५१ पासून जमीनदारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. सॉफ्टवेअरवाल्यांना हे दुखणं लगेच कळेल. कोड आला, पण तो सांभाळणारी टीम आलीच नाही. सरकारला सिंचनाची पाणीपट्टी हवी होती. शेतकरी म्हणाले, हे पाणी निस्तारात आमच्या हक्काचं आहे, पट्टी कसली? दोघांचंही बरोबर होतं, आणि हीच गंमत आहे. वाद लांबत गेला, गाळ साचत गेला. पुढे १०० हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव जिल्हा परिषदेकडे आले. नाव पडलं ‘माजी मालगुजारी’, म्हणजे मामा तलाव. मामाकडे हक्काने जायचं, पण मामाच्या घराचं छप्पर गळतंय हे कोणी बघायचं नाही :)

याची झळ घरमालकाला कुठे लागते? शहर वाढत आजूबाजूच्या गावांत शिरतं, तेव्हा धानाच्या बांध्यांचे प्लॉट पडतात. गाळाने उथळ झालेल्या तलावाचा काठ उन्हाळ्यात कोरडा असतो आणि प्लॉट उन्हाळ्यातच दाखवले जातात. सांडव्याचा नाला बुजतो. साखळीतली एक कडी तुटली की तिचं पाणी तुमच्या हॉलमध्ये येतं. तक्रार कुठे करणार? ग्रामपंचायत म्हणेल तलाव जिल्हा परिषदेचा. जिल्हा परिषद निधीकडे बोट दाखवेल. तुमच्या पावतीवर तर ती ओळच नाही, मग कोणत्या तोंडाने विचारणार?

मुंबईतही वेगळं नाही. तिथल्या मालमत्ता कराच्या बिलावर जललाभ कर आहे, मलनिःसारण लाभ कर आहे, चक्क वृक्ष उपकरही आहे. पण २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडल्यावरसुद्धा ‘पूर’ नावाची ओळ बिलावर आली नाही.

अमेरिकेत टेक्सासमध्ये ही ओळ आहे. ह्यूस्टनला कोणी ऑनसाइट असेल तर विचारा. १९२९ आणि १९३५ च्या पुरांनंतर १९३७ मध्ये तिथे हॅरिस काउंटी पूरनियंत्रण जिल्हा स्थापन झाला, आणि त्याचा कर घराच्या टॅक्स बिलावर नावानिशी येतो. शहराबाहेरच्या नव्या वसाहतींत पाणी, गटार, निचरा यांसाठी वेगळे ‘मड’ जिल्हे असतात. ते बाँड काढतात आणि घरमालक वर्षानुवर्षं करातून ते फेडतात. यात घोळही भरपूर आहेत. कधीकधी अक्षरशः दोन-चार मतदारांच्या मतावर कोट्यवधी डॉलरचे बाँड मंजूर झालेत, आणि फेडतात ते नंतर राहायला आलेले.

शिवाय कर भरला म्हणून पूर टळतोच असंही नाही. ह्यूस्टनच्या पश्चिमेला ॲडिक्स आणि बार्कर ही १९४० च्या दशकातली दोन पूरनियंत्रण धरणं आहेत. त्यांच्या मागे, पाणी साठू शकेल अशा जागेत वसाहती उठल्या. काही ठिकाणी प्लॉटच्या नकाशावर एक बारीक टीप होती, की ही जमीन पाण्याखाली जाऊ शकते. ती किती जणांनी वाचली असेल? २०१७ मध्ये हार्वे वादळात पाणी चढलं आणि हजारो घरांत शिरलं. म्हणजे आपल्या तलावाच्या पोटातल्या प्लॉटचीच गोष्ट, फक्त डॉलरमध्ये!

पण पुढचा भाग बघा. पुराला एक वर्ष झालं, त्याच दिवशी, २५ ऑगस्ट २०१८ ला, हॅरिस काउंटीच्या मतदारांनी अडीच अब्ज डॉलरच्या पूरनियंत्रण बाँडला मोठ्या बहुमताने होकार दिला. कर वाढू शकतो हे माहीत असूनही! आणि धरणामागच्या घरमालकांनी केंद्र सरकारवर केलेल्या दाव्यात डिसेंबर २०१९ मध्ये कोर्टाने सरकारला जबाबदार धरलं. आपल्याकडे २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेच्या पुराने भंडारा-गोंदियात घरं बुडाली, तेव्हा पंचनामे झाले. मदत हातात पडते ती पाणी ओसरल्यावर, आणि पुढच्या पावसाळ्याआधी पाळ कोण दुरुस्त करणार हा प्रश्न पंचनाम्याच्या कागदात नसतोच.

मला विचाराल तर नमुना ९ मध्ये आणखी एक रकाना हवा. वर्षाला शंभर-दोनशे रुपये, तलाव आणि नाल्यासाठी, त्याच गावात खर्च होणारे, हिशेब ग्रामसभेत. यात एक अडचण आहे, आणि ती खरी आहे. नागऱ्याच्या पाण्याचा उतार नागऱ्याच्या हद्दीत संपत नाही. वरच्या गावाने सांडवा मोकळा ठेवला नाही तर खालच्याचे पैसे पाण्यात. म्हणजे रकाना एका गावाचा असून चालणार नाही, तलावांच्या एका साखळीतल्या सगळ्या गावांचा मिळून हवा. ह्यूस्टनकरांनी निदान शहराची वेस ओलांडून काउंटीची हद्द धरली. आपल्याकडे साखळ्या आधीच आखलेल्या आहेत, कोहळ्यांनी.

तोपर्यंत, गावाकडे प्लॉट घेत असाल तर सातबाऱ्यासोबत गावचा जुना नकाशा मागून घ्या. आणि प्लॉट बघायला ऑगस्टमध्ये जा.