दुव्याचे मोल आणि क्रमवारीची निःपक्षता

एका लेखकाने दुसऱ्याच्या ग्रंथाचा केलेला निर्देश ही विद्याव्यवहारातील एक साक्ष होय. अशा साक्षी मोजून ग्रंथाचे महत्त्व ठरविता येईल, हा विचार संगणकाहून जुना आहे. १९२७ मध्ये कॅलिफोर्नियातील पॉमोना कॉलेजच्या ग्रोस व ग्रोस ह्या दोन अभ्यासकांनी, महाविद्यालयीन ग्रंथालयाने रसायनशास्त्राची कोणती नियतकालिके घ्यावीत हे ठरविण्यासाठी, अमेरिकन रसायन संस्थेच्या नियतकालिकाच्या १९२६ च्या खंडातील निर्देशांची मोजदाद केली. १९५५ मध्ये यूजीन गारफील्ड यांनी विज्ञानासाठी निर्देशसूचीची कल्पना मांडली. अमेरिकन वकिलांच्या वापरात १८७३ पासून असलेली शेपर्डची न्यायनिर्णयांची सूची हा तिचा आदर्श होता.

तथापि नुसत्या गणनेत एक उणीव राहते: तीत सर्व साक्षीदार सारखेच लेखले जातात. १९७६ मध्ये पिन्स्की व नारिन यांनी ती दूर करण्याचा प्रयत्न केला. निर्देश करणारे नियतकालिक जितके वजनदार, तितका त्याचा निर्देश मोलाचा, असे त्यांचे सूत्र होते. प्रत्येकाचे वजन इतरांच्या वजनावर अवलंबून असल्यामुळे येथे चक्राकार तर्क होतो असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु तेच गणित पुनःपुन्हा करीत गेल्यास उत्तर स्थिर होते.

हेच तत्त्व सर्गेई ब्रिन व लॅरी पेज यांनी १९९८ मध्ये महाजालास लावले. एका पानावरून दुसऱ्याकडे नेणारा दुवा हा त्यांच्या मते निर्देशच होता. पानाचे मोल त्यावरून निघणाऱ्या दुव्यांत विभागले जाते. म्हणून थोडेच दुवे देणाऱ्या प्रतिष्ठित पानाची साक्ष अधिक मोलाची ठरते. पाने चाळणारा वाचक सामान्यतः ०.८५ इतक्या संभाव्यतेने पुढील दुवा धरतो, एरव्ही भलत्याच पानावर जातो, असे त्यांनी गृहीत धरले. त्याच निबंधाच्या परिशिष्टात त्यांनी असेही लिहिले की, जाहिरातींवर जगणारे शोधयंत्र स्वभावतःच जाहिरातदारांकडे झुकलेले असेल. पुढे २००० मध्ये त्यांच्याच गूगलने जाहिरातींची विक्री सुरू केली.

साक्षीला किंमत आली की साक्षीदार विकत मिळू लागतात. दुव्यांचा क्रय-विक्रय सुरू झाला. केवळ एकमेकांची पाठ थोपटण्यासाठी संकेतस्थळांचे समूह उभे राहिले. २००५ मध्ये प्रमुख शोधयंत्रांनी, ज्याची साक्ष धरू नये असा दुवा वेगळा दाखविणारी खूण मान्य केली. २०१२ मध्ये गूगलने पेंग्विन नावाची योजना आणून कृत्रिम दुव्यांवर आघात केला, आणि २०१६ मध्ये पानांचे सार्वजनिक गुणांक दाखविणेही थांबविले. जी साक्ष निर्हेतुक होती म्हणून विश्वसनीय वाटली, ती मोजली जाऊ लागताच सहेतुक झाली, हा ह्या इतिहासाचा मुख्य बोध होय.

आता क्रमवारीकडे वळू. डिसेंबर २००९ पासून गूगलने खाते न उघडलेल्या वाचकासही त्याच्या पूर्वीच्या शोधांनुसार निराळे निकाल देण्यास आरंभ केला. तेव्हापासून ‘अमुक संकेतस्थळ तिसरे आहे’ हे विधान अपुरे ठरते. कोणासाठी, कोठे आणि केव्हा तिसरे, हे सांगावे लागते. आपलेच स्थळ वारंवार उघडणाऱ्या चालकास ते वर दिसले, तर त्यात नवल नाही. म्हणून परीक्षकाने शोधाचा पूर्वेतिहास पुसावा, स्थान, भाषा व उपकरण निश्चित करावे, अनेक दिवस तोच शोध घ्यावा आणि एका आकड्याऐवजी क्रमांकांची कक्षा नोंदवावी.

परंतु एवढ्याने केवळ पाहणाऱ्याचा पक्षपात दूर होतो. यंत्राचा होत नाही. युरोपीय आयोगाने २०१७ मध्ये गूगलला २.४२ अब्ज युरो दंड केला, तो वस्तूंच्या किमतींची तुलना करणाऱ्या आपल्याच सेवेस निकालांत झुकते माप दिल्याबद्दल. आणि २०२४ मध्ये युरोपीय न्यायालयाने तो कायम केला. हा दोष कोणत्याही एका वाचकाच्या इतिहासातून आलेला नव्हता. म्हणून तो इतिहास पुसून नाहीसा झाला नसता. निःपक्ष पाहणी आणि निःपक्ष क्रमवारी ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली अभ्यासकाच्या हाती आहे. दुसरीसाठी क्रम लावणाऱ्याच्या हितसंबंधांचीच चौकशी करावी लागते.