अस्सल, नक्कल आणि बनावट : जुन्या धर्तीच्या मनगटी घड्याळांविषयी काही विचार

पैनगंगेच्या काठी असलेल्या देऊळघाट या गावी काही मोडी कागद पाहण्याच्या निमित्ताने जाणे झाले. कागद फारसे उपयोगाचे निघाले नाहीत. परंतु ज्या घरी उतरलो होतो तेथील तरुणाने पांढऱ्या फडक्यावर तीन मनगटी घड्याळे मांडून दाखविली, आणि कागदांविषयीचाच जुना प्रश्न निराळ्या वेषात समोर उभा राहिला. जुन्या घाटणीची घड्याळे स्वतः जुळविणे हा या तरुणाचा छंद आहे. यंत्र एकीकडून, तबकडी दुसरीकडून, काटे आणि काच आणखी कोठून मिळवून तो पन्नाससाठ वर्षांपूर्वीचे भासेल असे घड्याळ सिद्ध करतो. ‘हे खरे की खोटे?’ असा त्याचा प्रश्न होता.

आपल्या दप्तरांत या प्रश्नाचे उत्तर दोन शब्दांत नव्हे, तीन शब्दांत दिलेले आढळते. मूळ लेख तो अस्सल. त्यावरून उतरून घेतलेली व आपण उतारा आहोत हे न लपविणारी ती नक्कल. नसलेला हक्क असल्याचे भासविण्यासाठी रचलेला कागद तो बनावट. मुंबई इलाख्यात १८५२ च्या कायद्यान्वये नेमलेल्या इनाम कमिशनला या तिसऱ्या वर्गाची चांगलीच ओळख झाली. नक्कल मात्र कोणी त्याज्य मानली नाही; अस्सल नष्ट झाले तेथे इतिहास नकलेवरच उभा आहे.

फडक्यावरील पहिले घड्याळ तरुणाच्या आजोबांचे, ‘जनता’ नावाचे होते. हिंदुस्तान मशीन टूल्स या १९५३ साली स्थापन झालेल्या सरकारी कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूर येथे १९६१ साली घड्याळांचे उत्पादन सुरू केले. चावीचे, सतरा माणकांचे ‘जनता’ हे तिचे सर्वांत घरोघरी पोचलेले घड्याळ. काही तबकड्यांवर त्याचे नाव देवनागरीत असे. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या कंपनीची घड्याळ-शाखा बंद करण्यास मान्यता दिली. यास्तव नवे अस्सल ‘जनता’ आता निर्माण होणे नाही. जी आहेत त्यांतूनच घट होत जाणार. आजोबांच्या घड्याळाची तबकडी कडेने पिवळी पडली आहे, सेकंदकाट्याचा रंग उडाला आहे. तरुणाने तिला हात लावलेला नाही, हे मला बरे वाटले.

दुसऱ्याची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. ते मुंबईहून विकत घेतलेले, स्विस यंत्राचे. स्विस घड्याळांचा मुंबईशी संबंध जुना. फेव्हर ल्यूबा या पेढीचा हिंदुस्थानाशी व्यापार १८६५ पासूनचा. वेस्ट एंड वॉच कंपनीच्या जुन्या तबकड्यांवर तर मुंबई आणि कलकत्ता ही नावे छापलेली असत. स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाच्या टंचाईने आयातीवर निर्बंध आले, आणि हाती असलेले घड्याळ चालू ठेवणे हेच घड्याळजीचे मुख्य काम झाले. दमट हवेने तबकडी डागाळे, रेडियमचा लेप काळवंडे. मग ती खरवडून पुन्हा रंगवावयाची, कोरलेल्या पत्र्यावरील शाई मऊ गोळ्याने उचलून अक्षरे व खुणा छापावयाच्या. गिऱ्हाइकाला घड्याळ नव्यासारखे हवे असे, आणि कारागीर ते तसे करून देई. देवळाच्या कोरीव दगडावर भक्तिभावाने ऑइलपेंट देणाऱ्याला आपण लबाड म्हणत नाही. हा घड्याळजीही मुळात लबाड नव्हता.

पुढे मात्र जुन्या घड्याळांना परदेशांतून मागणी आली, आणि दुरुस्तीची कला विक्रीची युक्ती झाली. मूळ कारखान्याने कधीच न काढलेले भडक निळे-तांबडे रंग, चुकीच्या वळणाची अक्षरे, एकाच्या यंत्रावर दुसऱ्याचे नाव. आज संग्राहकांत मुंबईचे नाव अशा रंगविलेल्या मालाशी जोडले गेले आहे, ही खेदाची गोष्ट होय. इतिहासाच्या दृष्टीने खरी हानी किमतीची नाही. तबकडीच्या तळाशी सहाच्या अंकाखाली असलेली बारीक अक्षरे, लेप रेडियमचा की ट्रिटियमचा हे सांगणारी खूण, विक्रेत्या पेढीचे नाव, हे सर्व साधन एकदा खरवडले की कायमचे गेले.

तिसरे घड्याळ तरुणाने स्वतः जुळविलेले. आत जपानी बनावटीचे एनएच ३५ हे आपोआप चावी भरणारे, चोवीस माणकांचे यंत्र. ते तासाला २१,६०० ठोके देते. (सहा असूंचे एक पळ आणि साठ पळांची एक घटिका धरता अहोरात्राचे असूही २१,६०० च होतात, हा केवळ योगायोग, पण आमच्या जुन्या ज्योतिष्यांना तो आवडला असता.) जुळणीचे काम पाहण्यासारखे होते. तारीख बदलण्याचा बारीक आवाज येईपर्यंत किल्ली फिरवावयाची आणि त्या क्षणी तास व मिनिट असे दोन्ही काटे बारावर बसवावयाचे. अन्यथा तारीख भलत्या वेळी बदलते. किल्लीचा दांडा लांब येतो, तो थोडाथोडा कापून, कानशीने घासून बेतावयाचा. जास्त कापला गेल्यास दांडा वाया. तबकडी त्याने पन्नासच्या दशकातील धर्तीची, दुधी रंगाची, निवडली होती. परंतु तिच्यावर नाव कोणाचेच नव्हते.

येथे निर्णय अवघड नाही. हे नक्कल आहे, बनावट नव्हे. नवे भाग वापरल्याने घड्याळ खोटे ठरत नाही. तसे असते तर कमान बदललेले प्रत्येक घड्याळ खोटे म्हणावे लागेल. खोटेपणा शिरतो तो नावातून. त्याच तबकडीवर एखाद्या नामांकित कारखान्याचे नाव छापले तर १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यानेही तो गुन्हा होतो, आणि तो छंद राहत नाही. जुनेपणाचा आभास आणण्यासाठी नवा लेप मुद्दाम पिवळसर करतात, त्याविषयी माझे मन साशंक आहे. पण तो रुचीचा प्रश्न, सत्याचा नव्हे.

निघण्यापूर्वी मी दुसऱ्या घड्याळाचे मागचे झाकण उघडावयास सांगितले. जुने घड्याळजी दुरुस्तीची खूण झाकणाच्या आतील बाजूस सुईने ओरखडून ठेवीत. भिंगातून पाहता तीन हातांच्या तीन नोंदी दिसल्या. त्यांपैकी एक स्पष्ट वाचता आली, महिना मार्च आणि साल १९७१. रंगविलेल्या तबकडीच्या पाठीशी हे अस्सल कागद सुरक्षित होते. तरुणाने सांगितले की याआधीच्या दोन घड्याळांची झाकणे त्याने आतून घासून लख्ख केली होती. मग त्याने सुई घेतली आणि आपल्या स्वतःच्या घड्याळाच्या झाकणात, यंत्र कोठले, तबकडी कोठली आणि जुळणी कोणत्या दिवशी झाली, हे बारीक अक्षरांत कोरावयास आरंभ केला.